गारचॉम्प संघात घ्यायचा, पण कशासाठी? एका पोकेमॉनची भूमिका पारखण्याची पद्धत

पोकेमॉन शोडाउन या ऑनलाइन सामन्यांच्या संकेतस्थळावर नवा खेळाडू पहिला संघ बांधतो तेव्हा त्यात गारचॉम्प हमखास असतो. चॅम्पियन सिंथियाचा गारचॉम्प टीव्हीवर नाहीतर गेममध्ये पाहिलेला असतो, बेस स्टॅटची, म्हणजे मूळ सहा आकड्यांची, बेरीज 600 भरते, दिसायलाही दणकट. मग सामने सुरू होतात. गारचॉम्प कधी पहिल्याच टर्नला आइस बीम खाऊन पडतो, कधी शेवटपर्यंत बाकावर बसून राहतो, आणि संघ नेमका का हरतोय ते कळत नाही.

‘हा पोकेमॉन चांगला आहे का?’ असं विचारून याचं उत्तर सापडणार नाही. विचारायचं ते असं : या संघात हा कोणतं काम करतो, ते काम करताना काय गमावतो, आणि तेच काम दुसरा कोणी स्वस्तात करेल का? कबड्डीत सातही जण चढाईपटू घेऊन कोणी मैदानात उतरत नाही. कोपरा कोणाचा, कव्हर कोणाचं, हे आधी ठरलेलं असतं. सहा पोकेमॉनच्या संघातही कामं अशीच वाटावी लागतात.

खाली मी गारचॉम्पला धरून सगळी पारख टप्प्याटप्प्याने मांडली आहे. पद्धत कोणत्याही पोकेमॉनला लागू पडते. गारचॉम्प मुद्दाम निवडला, कारण त्याला चार वेगवेगळी कामं जमतात आणि नवे खेळाडू नेमके तिथेच गोंधळतात.

हाताशी काय हवं

- शोडाउनवरचं खातं. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, त्यासाठी कन्सोल किंवा गेम विकत घ्यावा लागत नाही.
- डॅमेज कॅल्क्युलेटर. कोणती मूव्ह कोणाला किती लागेल हे तो टक्क्यांत सांगतो.
- स्मोगॉन हे स्पर्धात्मक खेळाडूंचं संकेतस्थळ दर महिन्याला जाहीर करतं ती वापराची आकडेवारी.
- टाइपांचा तक्ता. पाठ होईपर्यंत शेजारी उघडा ठेवा.
- स्वतःच्या सामन्यांचे सेव्ह केलेले रिप्ले.
- एक वही. शेवटच्या टप्प्यात तिचीच सर्वांत जास्त गरज पडते.

1. आधी फॉरमॅट ठरवा

हा लेख स्कार्लेट-व्हायोलेटच्या, म्हणजे नवव्या पिढीच्या ओयू (ओव्हरयूज्ड, सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्यांची श्रेणी) फॉरमॅटबद्दल आहे : एकास एक, सहा विरुद्ध सहा, लेव्हल 100. अधिकृत स्पर्धांचा व्हीजीसी फॉरमॅट वेगळा. तिथे जोडीने लढायचं असतं, सहांपैकी चार निवडायचे असतात आणि लेव्हल 50 असते.

फॉरमॅट बदलला की त्याच पोकेमॉनचं काम बदलतं. जोडीच्या लढतीत गारचॉम्पचा अर्थक्वेक शेजारी उभ्या साथीदारालाही लागतो, त्यामुळे साथीदार फ्लाइंग किंवा लेव्हिटेटवाला (हवेत तरंगण्याची क्षमता असलेला) लागतो, नाहीतर अर्थक्वेकऐवजी एकालाच लागणारी स्टॉम्पिंग टँट्रम घ्यावी लागते. उलट स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला लागणारे दगड समोरच्या बाजूला पेरणारी मूव्ह) एकास एकमध्ये फार मोलाचा, कारण सामना लांबतो आणि पोकेमॉन पुन्हा पुन्हा बदलले जातात. म्हणून कोणाचाही सल्ला किंवा सेट (मूव्ह, वस्तू वगैरेंची निवड) वाचताना तो कोणत्या फॉरमॅटसाठी आहे हे पहिल्यांदा बघा. नव्या लोकांचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

2. बेस स्टॅट वाचा, बेरीज बाजूला ठेवा

गारचॉम्पचे आकडे : एचपी 108, अटॅक 130, डिफेन्स 95, स्पेशल अटॅक 80, स्पेशल डिफेन्स 85, स्पीड 102.

अटॅक 130 म्हणजे मारा जोरदार. स्पीड 102 म्हणजे 100 वर थांबलेल्या सगळ्यांच्या जरासा पुढे, आणि हे ‘जरासं’ किती मोलाचं ते पाचव्या टप्प्यात दिसेल. एचपी 108 असल्याने बचावात काहीही गुंतवणूक न करता तो एखादा साधा फटका पचवतो. स्पेशल अटॅक 80 वर मुख्य मारा उभा राहत नाही, पण एका विशिष्ट शत्रूसाठी फायर ब्लास्ट ठेवण्याइतपत तो पुरतो.

बेरजेवर विसंबू नका. 2014 च्या जागतिक स्पर्धेत, वॉशिंग्टनमध्ये, दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसू घेऊन विजेतेपद मिळवलं. पाचिरिसूची बेरीज 405. त्याचं काम होतं फॉलो मी वापरून प्रतिस्पर्ध्याचे वार अंगावर ओढायचे आणि शेजारच्या ग्याराडोसला मोकळीक द्यायची. त्याच संघात 600 वाला गारचॉम्पही होता. दोघांना जागा मिळाली ती आपापल्या कामामुळे.

3. तो मैदानात येतो कोणासमोर?

नवे खेळाडू पोकेमॉन काय मारतो ते बघतात. त्याआधी बघायचं ते हे की तो सुखरूप आत कसा येतो.

ड्रॅगन-ग्राउंड या जोडीमुळे गारचॉम्पला इलेक्ट्रिक अजिबात लागत नाही. फायर, पॉइझन आणि रॉक निम्मे लागतात. ड्रॅगन आणि फेअरी दुप्पट, आणि आइस चौपट. पाणी आणि गवत साधे लागतात, कारण ग्राउंडची कमजोरी ड्रॅगन भरून काढतो.

याचा मैदानावरचा अर्थ असा. हीट्रान फायर मूव्ह मारणार असेल तर गारचॉम्प आत येऊ शकतो, आणि परत मारलेला अर्थक्वेक हीट्रानला चौपट लागतो. आयर्न मॉथ फायर-पॉइझन, त्याचे दोन्ही टाइप गारचॉम्प निम्म्यावर झेलतो आणि अर्थक्वेक त्यालाही चौपट. झॅपडोस व्होल्ट स्विच मारून निसटू पाहत असेल तर गारचॉम्प आत आल्यावर ती मूव्हच फुकट जाते आणि झॅपडोस तिथेच अडकतो. स्टेल्थ रॉक अंगावर पडले तरी गारचॉम्पचं नुकसान फक्त 6.25 टक्के, त्यामुळे तो वारंवार आत-बाहेर करू शकतो.

इथला सापळा रेजिंग बोल्ट. इलेक्ट्रिक लागत नाही म्हणून नवे खेळाडू गारचॉम्पला थेट त्याच्यासमोर उतरवतात. रेजिंग बोल्ट इलेक्ट्रिक-ड्रॅगन आहे. थंडरक्लॅप फुकट जाईल हे खरं, पण पुढच्या क्षणी ड्रॅको मिटिअर दुप्पट बसेल. समोरच्याचा एक टाइप बघून निर्णय घेऊ नका. त्याच्या चारही मूव्ह काय असू शकतात ते आकडेवारीत बघा.

वहीत दोन रकाने करा. पहिल्यात, ‘कोणासमोर बेधडक आत येतो’. दुसऱ्यात, ‘कोणासमोर फक्त मोकळी संधी मिळाली तरच’. जाणकार यालाच काउंटर आणि चेक म्हणतात. काउंटर वार झेलत आत येतो आणि जिंकतो. चेकला आधी सुखरूप आत आणावं लागतं, मगच तो जिंकतो. हा फरक पक्का झाला की संघबांधणीतल्या अर्ध्या शंका मिटतात.

4. एकच गारचॉम्प, चार नोकऱ्या

या टप्प्यावर घाई करू नका. ‘गारचॉम्प’ हे भूमिकेचं नाव होऊ शकत नाही. भूमिका सेटवरून ठरते.

पहिली नोकरी : हॅझार्ड, म्हणजे आत येणाऱ्याला इजा करणारे सापळे, टाकणारा. स्टेल्थ रॉक, आणि नवव्या पिढीत स्पाइक्सही. स्टेल्थ रॉक एकदा पडला की समोरचा प्रत्येक पोकेमॉन आत येताना रॉकच्या परिणामानुसार एचपी गमावतो : साधारणपणे 12.5 टक्के, झॅपडोस आणि ड्रॅगोनाइट 25 टक्के, व्होल्कारोना तर थेट 50 टक्के. स्पाइक्सचे तीन थर बसतात : एक थर आठवा हिस्सा, दोन थर सहावा, तीन थर चौथा. उडणाऱ्यांना आणि लेव्हिटेटवाल्यांना मात्र स्पाइक्स लागत नाहीत, आणि हेवी-ड्यूटी बूट्स घातलेल्याला यातलं काहीच लागत नाही.

दुसरी नोकरी : अंगावर येणाऱ्याला झिजवणारा. मला गारचॉम्पचं हे रूप सर्वांत आवडतं. रफ स्किन ही त्याची क्षमता अंगाला स्पर्श करून मारणाऱ्याचा आठवा हिस्सा काढून घेते. रॉकी हेल्मेट सहावा हिस्सा काढतं. दोन्ही मिळून साधारण 29 टक्के, तेही गारचॉम्पने बोट न हलवता. यू-टर्न मारून सटकणारा, रॅपिड स्पिनने हॅझार्ड साफ करणारा, प्रत्येकाला हा भुर्दंड बसतो. रॅपिड स्पिनवाला ग्रेट टस्क तीनदा आला तर त्याचा बहुतेक जीव त्यातच जातो. एचपीत 252 ईव्ही (स्टॅट वाढवायला वाटून देता येणारे गुण) घातले की गारचॉम्पचा एचपी 420 होतो, आणि ड्रॅगन टेल घेतली की समोर ताकद वाढवत बसलेल्याला हाकलून दुसऱ्याला ओढून आणता येतं. नव्याने आलेल्याला पुन्हा हॅझार्ड लागतात, म्हणजे पहिली आणि दुसरी नोकरी एकाच सेटवर छान जुळतात. मात्र ड्रॅगन टेल फेअरीवर चालत नाही, आणि तिचा क्रम टर्नच्या शेवटी येतो, त्यामुळे आधी वार झेलायची तयारी हवी.

स्पर्श न करणाऱ्या मूव्हही आहेत हे लक्षात ठेवा. अर्थक्वेक, ओगरपॉनची आयव्ही कडगल, सगळ्या किरणांच्या आणि लाटांच्या मूव्ह : यांवर रफ स्किनचा काही परिणाम नाही.

तिसरी नोकरी : स्वीपर, म्हणजे ताकद वाढवून एकामागून एक पाडत जाणारा. स्वोर्ड्स डान्सने अटॅक दुप्पट, स्केल शॉटने स्पीड दीडपट. स्केल शॉट दोन ते पाच वेळा लागते, लोडेड डाइस हातात असेल तर चार किंवा पाच वेळा. किंमत अशी की स्केल शॉटनंतर गारचॉम्पचा स्वतःचा डिफेन्स एका पायरीने उतरतो. मग ड्रॅगोनाइटचा एक्स्ट्रीम स्पीड किंवा आइस शार्ड यांसारख्या आधी लागणाऱ्या मूव्ह जीवघेण्या ठरतात.

चौथी नोकरी : चॉइस स्कार्फ घालून वेगवानांना पकडणारा. स्पीड दीडपट, पण एकाच मूव्हमध्ये अडकून राहावं लागतं.

आता नियम. तुमच्या गारचॉम्पला यातली एक मुख्य नोकरी द्या, फार तर एक जोडीची. स्टेल्थ रॉक, स्वोर्ड्स डान्स, फायर ब्लास्ट, अर्थक्वेक असा चारही दगडांवर पाय ठेवलेला सेट पहिल्या संघांत नेहमी दिसतो. त्याला स्वोर्ड्स डान्स करायला वेळ मिळत नाही, फायर ब्लास्टला त्या डान्सचा उपयोग नाही, आणि रॉक टाकून झाले की उरलेला सामना तो अर्ध्या ताकदीने खेळतो.

5. वेगाचं गणित मांडा

लेव्हल 100 वर, 252 ईव्ही आणि जॉली नेचर (स्पीड वाढवणारा स्वभाव) घेतलं की गारचॉम्पचा स्पीड 333 होतो. बेस 100 वाल्यांचा, म्हणजे झॅपडोस आणि व्होल्कारोनाचा, कमाल स्पीड 328. ग्लिस्कोर आणि क्यूरेमचा 317. लँडोरस-थेरियनचा 309. ग्रेट टस्कचा 300.

अडॅमंट नेचर घेतलं तर गारचॉम्पचा अटॅक 359 वरून 394 वर जातो, पण स्पीड 303 वर उतरतो. तरीही जॉली ग्रेट टस्कच्या पुढे तो तीन अंकांनी राहतो. लँडोरस, ग्लिस्कोर, झॅपडोस मात्र सगळे पुढे निघून जातात. म्हणजे जॉली की अडॅमंट, याचं उत्तर तुमचा गारचॉम्प कोणासाठी ठेवला आहे यावर ठरतं.

स्वीपर सेटवर हिशेब आणखी रंगतो. स्केल शॉटनंतर अडॅमंट गारचॉम्पचा स्पीड 454 होतो, आणि ड्रॅगापल्टचा कमाल स्पीड आहे 421. एकदा स्केल शॉट बसली की जॉलीची गरजच उरत नाही. ती बसेपर्यंत तग कसा धरायचा, हा खरा प्रश्न. बूस्टर एनर्जीने वेग वाढवलेला आयर्न व्हॅलिअंट 546 वर पोचतो, त्याच्यापुढे जॉलीचा 499 सुद्धा कमीच. त्याच्यासाठी संघात दुसरा कोणीतरी हवा.

बारीक हिशेब आवडणाऱ्यांसाठी : 328 वाल्यांना मागे टाकायला जॉली गारचॉम्पला स्पीडमध्ये 240 ईव्ही पुरतात, त्याने 330 मिळतात. उरलेले 12 ईव्ही दुसरीकडे गेले तर तिथे तीन अंक वाढतात. पण मग समोरच्याच्या 333 वाल्या गारचॉम्पसमोर तुम्ही मागे पडता. बचावाच्या सेटवर मी ही काटछाट करतो, स्वीपरवर कधीच नाही.

6. डॅमेज कॅल्क्युलेटरला नेमके प्रश्न विचारा

‘गारचॉम्प किती मारतो?’ असा प्रश्न कॅल्क्युलेटरला विचारता येत नाही. ‘अमुक सेटचा गारचॉम्प तमुक सेटच्या गोल्डेंगोला एका फटक्यात पाडतो का?’ असा विचारावा लागतो.

हेच उदाहरण घेऊ. जॉली, अटॅकमध्ये 252 ईव्ही, अर्थक्वेक. समोर बचावात काहीही न घातलेला गोल्डेंगो, एचपी 315. नुकसान किमान 342, म्हणजे तो नक्की पडतो. आता त्याच गोल्डेंगोने एचपीत 252 ईव्ही घातले तर एचपी 378. नुकसान 342 ते 404. सोळा शक्य आकड्यांपैकी सातच त्याला पाडतात, म्हणजे सुमारे 44 टक्के शक्यता. तो आत येताना स्टेल्थ रॉक लागलेला असेल, स्टील असल्याने फक्त 6.25 टक्केच, तरी सोळापैकी बारा आकडे पुरतात. शक्यता 75 टक्क्यांवर जाते.

त्या एवढ्याशा रॉकने फटक्याची खात्री किती वाढवली ते बघा. हॅझार्ड टाकणाऱ्याचं योगदान त्याने स्वतः किती जणांना पाडलं यावरून मोजता येत नाही, ते असं दुसऱ्यांच्या फटक्यांत दिसतं.

आणि मग सापळा : गोल्डेंगो पुष्कळदा एअर बलून घेऊन येतो. फुगा फुटेपर्यंत अर्थक्वेक त्याला लागतच नाही. हीट्रानचंही तसंच. तो आत येताना फुग्याचा संदेश स्क्रीनवर उमटतो, तो न वाचता अर्थक्वेक दाबू नका.

7. हीच जागा दुसरा कोणी चांगली चालवेल का?

बहुतेक नवे लेख हा टप्पा गाळतात, आणि माझ्या मते भूमिका खरी ठरते ती इथे. संघात जागा सहा. ग्राउंड टाइपचा एक पोकेमॉन जवळपास प्रत्येक संघाला लागतो, आणि त्या जागेसाठी गारचॉम्पची स्पर्धा तगडी आहे.

ग्रेट टस्क : डिफेन्स 131, रॅपिड स्पिनने हॅझार्ड साफ करतो. गारचॉम्पला साफसफाई करणारी मूव्हच मिळत नाही.

लँडोरस-थेरियन : इंटिमिडेटने समोरच्याचा अटॅक उतरवतो, यू-टर्नने निसटतो. गारचॉम्पकडे निसटण्याची मूव्ह नाही.

ग्लिस्कोर : पॉइझन हील आणि टॉक्सिक ऑर्बमुळे दर टर्नला आठवा हिस्सा परत मिळवतो, स्पाइक्सही टाकतो. गारचॉम्पला लेफ्टओव्हर्सचा सोळावा हिस्सा किंवा रेस्ट, याखेरीज सावरण्याचा मार्ग नाही.

टिंग-लू : एचपी 155, हॅझार्ड टाकतो आणि सहजी पडत नाही, मात्र स्पीड 45.

मग गारचॉम्प कधी? जेव्हा हॅझार्डही हवेत, रफ स्किनची झीज हवी, फायर-पॉइझन झेलणारा हवा, आणि हे सगळं 333 च्या स्पीडवर हवं, तेव्हा वरच्या चौघांपैकी कोणीही ते एकत्र देत नाही. तुमच्या संघाला या चारांपैकी दोनच गोष्टी हव्या असतील तर बहुधा वरच्यांपैकी कोणीतरी अधिक योग्य ठरेल. नाव आवडतं म्हणून गारचॉम्प ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त त्यासाठी काय सोडतोय ते वहीत लिहून ठेवा.

आजूबाजूची मंडळी बदलली की किंमत कशी बदलते, याचा गारचॉम्प स्वतः पुरावा आहे. चौथ्या पिढीत स्मोगॉनच्या खेळाडूंनी त्याला ओयूतून हद्दपार केलं होतं. तेव्हा फेअरी टाइप नव्हता, आणि वाळूच्या वादळात सँड व्हेलमुळे त्याच्यावरचे वार पाचातून एकदा चुकायचे. फेअरी आला सहाव्या पिढीत, 2013 मध्ये. गारचॉम्पचे मूळ आकडे आजही तेच आहेत.

8. उरलेल्या पाचांशी जुळवा

गारचॉम्पला आइस, फेअरी आणि ड्रॅगन नको. तिन्हींवर उपाय म्हणजे स्टील. म्हणून जवळ एक स्टील हवाच : हीट्रान आइस आणि फेअरी दोन्ही पावपट झेलतो, कॉर्व्हिनाइट फेअरी आणि ड्रॅगन निम्म्यावर झेलून यू-टर्नने गारचॉम्पला सुखरूप आत आणतो.

हॅझार्डच्या सेटसोबत गोल्डेंगोची जोडी फार चांगली बसते. तो घोस्ट असल्याने त्याच्यावर रॅपिड स्पिन लागत नाही, आणि गुड अॅज गोल्ड या क्षमतेमुळे त्याच्यासमोर हॅझार्ड उडवणारी डीफॉगही चालत नाही. गारचॉम्पने टाकलेले रॉक आणि स्पाइक्स त्याच्यामुळे टिकतात. साफसफाईला येणाऱ्या ग्रेट टस्कला गारचॉम्प झिजवतो, गोल्डेंगो अडवतो. फक्त टस्कचे ग्राउंड आणि डार्क वार गोल्डेंगोला दुप्पट लागतात हे विसरून त्याला बेफिकीर उतरवू नका.

स्वीपर सेट असेल तर उलट दिशेने विचार करा : गारचॉम्पला अडवणाऱ्यांना आधी कोण मोडणार? अनअवेअरवाला डोंडोझो तुमचा स्वोर्ड्स डान्स जमेतच धरत नाही. कॉर्व्हिनाइटला आणि स्कार्मरीला अर्थक्वेक लागत नाही. या तिघांना पुरून उरणारा एक जोरदार स्पेशल मारा करणारा संघात नसेल, तर स्वोर्ड्स डान्सवाला गारचॉम्प घेऊ नका.

9. टेरा कोणाचा, ते आधी ठरवा

टेरा म्हणजे सामन्याच्या मध्येच पोकेमॉनचा टाइप बदलणं, आणि तो सामन्यात एकदाच होतो. गारचॉम्पवर टेरा स्टील घेतला की आइस, ड्रॅगन, फेअरी तिन्ही निम्मे लागतात आणि अर्थक्वेकची धार कायम राहते. पण इलेक्ट्रिकची ढाल जाते, फायर आणि ग्राउंड दुप्पट लागू लागतात. टेरा फायर आइस आणि फेअरी झेलतो, ड्रॅगन साधा लागतो.

स्वीपर असेल तर गारचॉम्प टेराचा पहिला हक्कदार. हॅझार्ड टाकणारा असेल तर नाही, टेरा दुसऱ्यासाठी राखा. संघातले तिघे जण टेराशिवाय कामच करू शकत नसतील तर संघ पुन्हा बांधा.

10. आकडेवारी वाचा, पण जपून

स्मोगॉनच्या मासिक यादीत प्रत्येक पोकेमॉनच्या मूव्ह, वस्तू, ईव्ही, साथीदार हे सगळं टक्क्यांत मिळतं. ओयूसाठी वरच्या मानांकनाला जास्त वजन देणाऱ्या 1695 आणि 1825 अशा याद्या असतात, त्या बघा.

श्रेणी वापरावरून ठरते. 4.52 टक्क्यांची रेषा अशी काढली आहे की तेवढा वापर असलेला पोकेमॉन 15 सामन्यांत एकदा तरी समोर येण्याची शक्यता साधारण निम्मी असते. म्हणजे ही यादी ‘समोर काय येईल’ हे सांगते. ‘तुमच्या संघात काय बसेल’ हे ती सांगत नाही. खालच्या श्रेणीतला पोकेमॉनही ओयूत खेळवता येतो, त्याचं काम पक्कं असेल तर बिनधास्त खेळवा.

11. खेळा, आणि वहीत हे लिहा

संघ सलग काही सामने न बदलता खेळा. प्रत्येक हरल्या-जिंकल्या सामन्याचा रिप्ले बघून चारच गोष्टी लिहा :

- गारचॉम्प कितीदा सुखरूप आत आला?
- त्याने ठरवलेलं काम केलं का? (रॉक पडले का, टिकले का, रफ स्किनने कोणाला किती झिजवलं?)
- तो पडला तेव्हा काम झालेलं होतं की बाकी होतं?
- त्याच्या जागी सातव्या टप्प्यातला दुसरा कोणी असता तर तो टर्न बदलला असता का?

किती जणांना पाडलं हे लिहू नका. हॅझार्डवाला गारचॉम्प एकालाही न पाडता सामना जिंकून देतो. आणि एकाच हरलेल्या सामन्यावरून सेट बदलू नका. क्रिटिकल हिटने पडला तर त्यात भूमिकेचा दोष नसतो. चौथ्या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर पुन्हा पुन्हा येऊ लागलं, तेव्हा मात्र गारचॉम्प काढून त्या दुसऱ्याला घ्या आणि बाकीचे पाच तसेच ठेवून तेवढेच सामने खेळा. एका वेळी एकच बदल केलात तरच दोन्ही नोंदी शेजारी ठेवून तुलना होते.

हे एकदा जमलं की पुढच्या सरावाला रोटोम-वॉश घ्या. तो इलेक्ट्रिक-वॉटर, आणि लेव्हिटेटमुळे कमजोरी उरते एकच, गवताची. स्पीड 86, एचपी जेमतेम 50, पण दोन्ही बचाव 107. तिसऱ्या टप्प्यातले दोन रकाने त्याच्यासाठी आधी भरा, आणि मगच त्याचा सेट उघडा.